वेदी राहू द्या, आधी बहिणीकडे जा

पत्र थोडक्यात: वसई तालुक्यातले 61 वर्षांचे एक कॅथलिक वाचक लिहितात. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) वडिलांच्या माघारी जमीन त्यांच्या आणि धाकट्या बहिणीच्या वाट्याला आली. आई आधीच गेली होती, मृत्युपत्र नव्हतं. 'सातबाऱ्यावर नाव लावायला सही लागते' एवढंच सांगून त्यांनी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. 2015 मध्ये जमीन 60 लाखांना विकली. बहिणीला आकडा कळला नाही. भाचीच्या लग्नात त्यांनी 5 लाख दिले, तेही मामाचा आहेर म्हणून. आज बहीण विधवा आहे, भाड्याच्या घरात राहते. या पापाचं कन्फेशन (फादरांसमोर पापाची कबुली) त्यांनी तीनदा केलं, तिन्ही वेळा पापक्षमा मिळाली, प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' किंवा एक रोझरी. 'एवढ्या पापाला एवढंसं?' म्हणून मन मानत नाही. दोन वर्षं दर शुक्रवारी ते पाव आणि पाण्यावर राहतात, आणि त्यांना मधुमेह आहे. नातवाला जन्मतः हृदयदोष निघाला तेव्हा हा आपल्याच पापाचा दंड वाटून त्यांनी नवस केला: नातू वाचला तर वाडीतला क्रूस नव्यानं बांधून देईन. शस्त्रक्रिया नीट झाली. 4 लाख बाजूला काढून ठेवलेत. शिवाय बँकेत 7 लाखांची ठेव आणि एका गाळ्याचं महिना 25 हजार भाडं आहे. बाकी पैसा मुलाच्या फ्लॅटमध्ये गेला. जावई एका प्रार्थनासंघात जातो. तो म्हणतो, येशूनं सगळं फेडलंय, उपास नको, कन्फेशन नको, फक्त विश्वास ठेवा. पत्नी म्हणते, गाडलेली मढी उकरू नका. वाचकांचा प्रश्न असा: 'देवाला आणखी काय अर्पण करू म्हणजे हे पाप फिटेल?'

देवाला काय काय द्यायचं याची तुमची यादी चांगली लांब आहे. बहिणीला काय द्यायचं याबद्दल मात्र पत्रात अवाक्षर नाही. म्हणून आधी आकडाच मांडून टाकू. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. भावंडं दोनच, म्हणजे निम्मे 30 लाख बहिणीचे. आहेराचे 5 लाख तिच्याच पैशातून गेले असं धरलं तरी 25 लाख उरतात. (आहेर हिशेबात धरायचा की नाही, हे खरं तर तिनं ठरवायचं.)

तुम्ही असं गृहीत धरलंय की पाप म्हणजे देवाचं थकलेलं देणं आणि अर्पण म्हणजे त्याचा भरणा. भरणा कमी पडतोय असं वाटतं, म्हणून तुम्ही हप्ता वाढवत चाललाय: आधी रोझरी, मग उपास, आता बांधकाम. ज्या शास्त्रातून अर्पणाची कल्पना आली त्यात मात्र ती अशी नाही.

जुन्या करारातल्या यज्ञांबद्दल आपल्याकडे ढोबळ समजूत आहे: देव रागावला, बोकड कापला, देव शांत झाला. लेवीय पुस्तकाचे पहिले सात अध्याय वाचून बघा. पाककृतीच्या पुस्तकात असावेत इतके बारकावे त्यात आहेत. अर्पण करणारा माणूस स्वतः जनावर घेऊन येतो, त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि बहुतेक वेळा कापतोही तोच. याजकाचं काम रक्तापासून सुरू होतं. ऐपत नसेल तर मेंढीऐवजी दोन पारवे किंवा होले चालतात. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे सुमारे दोन लीटर, त्यावर तेल नाही, धूप नाही. त्यात रक्ताचा थेंब नाही, तरी क्षमा आहे. किंमत मोजून क्षमा घ्यायची असती तर दोन लीटर पिठाला कोण विचारणार होतं? आणि सतराव्या अध्यायात देव सांगतो की वेदीवरचं रक्त प्रायश्चित्तासाठी 'मीच तुम्हाला दिलं आहे'. वेदीवर जे चढतं ते माणसाकडून देवाकडे जाण्याआधी देवाकडून माणसाकडे आलेलं असतं. क्रुसाकडे वळाल तेव्हा हे वाक्य सोबत ठेवा.

तुमच्या प्रकरणाला लागतं ते दोषार्पण. लेवीयच्या सहाव्या अध्यायाची पहिली सात वचनं (काही आवृत्त्यांत ती पाचव्याच्या शेवटी येतात) जणू तुमच्यासाठीच लिहिलीत. कोणी शेजाऱ्याची ठेव दाबली, लबाडीनं लुबाडलं, सापडलेली वस्तू नाकारली, खोटी शपथ घेतली, तर त्यानं काय करायचं? मूळ वस्तू पुरती परत करायची. वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा. हे सगळं मालकाच्या हातात द्यायचं, आणि तेही दोषार्पण आणायच्या त्याच दिवशी. एवढं झालं की निर्दोष एडका याजकाकडे न्यायचा. जुन्या करारातल्याच गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो, तिथे पापाची कबुली आधी घातली आहे; आणि ज्याचं नुकसान केलं तो हयात नसेल, जवळचा नातलगही नसेल, तरच ती रक्कम याजकाकडे जाते. मालक किंवा वारस जिवंत असताना ती देवळाला देता येत नाही. तुमचा एडका तयार आहे, चार लाखांचा. मालकाच्या हातात काही पडलेलं नाही.

यहुदी परंपरेनं ही गोष्ट पुढेही सोडली नाही. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, यज्ञ थांबले, पण साधारण 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात नियम स्पष्ट आहे: माणूस आणि देव यांच्यातली पापं प्रायश्चित्ताच्या दिवशी मिटतात, माणूस आणि माणूस यांच्यातली मिटत नाहीत, जोवर दुखावलेल्याची समजूत काढली जात नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू याच अंगानं बोलतो (मत्तय 5:23-24). वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. ऐकणारे गालीलातले होते. यरुशलेम तिथून पायी तीन-चार दिवसांवर. अर्पण अर्ध्यात सोडून गावी जा आणि परत ये, असं तो सांगत होता. तुमची बहीण किती तासांवर राहते?

मग क्रुसाचं काय? येशूच्या मरणानं पाप कसं फिटलं, याचं एकच अधिकृत स्पष्टीकरण चर्चनं कधी बांधून दिलेलं नाही. श्रद्धांगीकारात एवढंच आहे की तो आपल्यासाठी आणि आपल्या तारणासाठी आला आणि आपल्यासाठी क्रुसावर खिळला गेला. सुरुवातीच्या शतकांतल्या आचार्यांना 'खंडणी' ही प्रतिमा जवळची वाटली, कारण मार्क 10:45 मध्ये येशूच ती वापरतो. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अन्सेल्मनं देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली, त्याच्या भोवतालची सरंजामी व्यवस्था लक्षात घेतली की ती कळते. सोळाव्या शतकात कायदा शिकलेल्या कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकानं न्यायालय आणि शिक्षा या भाषेवर भर दिला. प्रत्येकात काही खरं आहे, आणि प्रत्येक ताणली की बिघडते. सगळ्यात जास्त बिघडते ती लोकांच्या तोंडी असलेली आवृत्ती: बाप चिडलेला, मुलगा मध्ये पडून मार खातो. पौल नेमकं उलट सांगतो. ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं ते देवानंच (रोमकर 3:25), आणि ख्रिस्ताच्या ठायी देवच जगाचा स्वतःशी समेट करत होता (2 करिंथकर 5:19). लेवीयचं वाक्य इथे पुन्हा भेटतं. देणारा देव आहे. तुम्ही आणखी काही चढवलंत म्हणून त्यात भर पडणार नाही, आणि काही कमी पडलं म्हणून ते अपुरं ठरणार नाही.

म्हणजे तुमचे जावई इथवर बरोबर आहेत. इब्रीकरांस पत्र हेच सांगतं: बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पाप काढू शकत नाही, ख्रिस्तानं एकदाच, कायमचं अर्पण केलं. कॅथलिक शिकवणही मिस्साला (चर्चमधल्या वेदीवरच्या उपासनेला) नवं बलिदान मानत नाही. 1562 मध्ये त्रेंतच्या धर्मसभेनं सांगितलं की क्रुसावरचं तेच बलिदान मिस्सात रक्ताविना सादर होतं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी नीतिमत्त्वाबद्दल संयुक्त घोषणा केली, त्यात तारण कृपेनं मिळतं, आपल्या कर्तबगारीनं नाही, हे दोघांनी मान्य केलं. घरातल्या जेवणाच्या टेबलावर हा वाद चालू ठेवायची गरज नाही.

'फक्त विश्वास ठेवा' म्हणताना जावईबापू मात्र एक पायरी गाळतात. जक्कय जकातदाराच्या गोष्टीत (लूक 19) येशू त्याच्याकडून आधी काही मागत नाही, नुसता त्याच्या घरी उतरतो. आणि तेवढ्यानंच जक्कय उठून उभा राहतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून घेतलं त्याला चौपट. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात चोरलेल्या मेंढराला चार मेंढरं अशी भरपाई आहे, जक्कयनं स्वतःला तोच कडक दर लावला. कृपा फुकट मिळाली आणि पैसे परत गेले. पहिल्यामुळे दुसरं घडलं. दुसरं देऊन पहिलं विकत घेतलं नाही. येशूनं क्रुसावर तुमचं पाप उचललं. बहिणीचं घरभाडं त्यानं भरलेलं नाही.

आता कन्फेशन. तीन 'नमो मरिया' कमी वाटतात, याचं कारण तुम्ही त्याला दंडाची रक्कम समजता. सुरुवातीच्या शतकांत प्रायश्चित्त खरोखरच जड असायचं: मोठ्या पापांना वर्षानुवर्षं, चारचौघांत, गोणपाट आणि राख. पुढे आयरिश मठवासीयांनी खासगी कबुलीची रीत आणली, पापागणिक प्रायश्चित्ताच्या यादीसकट. आजचं प्रायश्चित्त ही वळलेल्या मनाची खूण आहे, किंमत तेव्हाही नव्हती. पण मला शंका वेगळीच आहे. तुम्ही फादरांना काय सांगितलंत? 'जमिनीच्या बाबतीत बहिणीशी लबाडी केली' असं भूतकाळात सांगितलं असेल, तर त्यांना झालेली गोष्ट कळली. पैसा अजून तुमच्याकडेच आहे हे कळलं का? ते सांगितलं असतं, तर बहुतेक कोणत्याही फादरांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता: परत कधी करणार?

कॅथलिक परंपरा यात फार जुनी आणि फार कडक आहे. ऑगस्टिननं (354-430) एका पत्रात लिहून ठेवलंय की परत करता येत असताना जो परत करत नाही, त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे. घेतलेलं परत जात नाही तोवर पाप सुटत नाही. आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही (कलम 1459) हेच आहे: पापक्षमेनं पाप जातं, पापानं केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही; चोरलेलं परत करा, बदनामी केली असेल तर गेलेलं नाव परत मिळवून द्या. कन्फेशनला जे लागतं ते म्हणजे मनापासूनचा पश्चात्ताप, पापं बोलून दाखवणं आणि भरपाई. पश्चात्तापात परत करण्याचा निश्चय येतोच. आजच सगळे 25 लाख टेबलावर हवेत असं नाही, पण निश्चय खरा हवा आणि जेवढं शक्य ते लगेच सुरू व्हायला हवं. तुमचं मन तीनदा कन्फेशन करूनही शांत होत नाही, याला तुम्ही श्रद्धेची कमतरता समजताय. मला तर ते मन शाबूत असल्याचं लक्षण वाटतं.

चौथ्यांदा जाल तेव्हा तीन वाक्यं पुरेत: सही कशी घेतली, किती रक्कम अजून माझ्याकडे आहे, ती कशी आणि कधी देणार आहे. एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. कन्फेशनमध्ये ऐकलेल्यावरून फादर स्वतःहून काहीही करू शकत नाहीत, बहिणीला सूचितही करू शकत नाहीत. ते बंधन मोडता येत नाही. त्यांची मध्यस्थी हवी असेल तर पॅरिशच्या (आपल्या चर्चच्या) ऑफिसात बसून, कन्फेशनच्या बाहेर, तीच गोष्ट वेगळी सांगावी लागेल.

क्रुसाचे 4 लाख. कॅथलिक बायबलात असलेल्या (आणि प्रोटेस्टंट आवृत्तीत नसलेल्या) सिराखच्या पुस्तकात चौतिसाव्या अध्यायात फार जळजळीत वचन आहे: गरिबाच्या मालमत्तेतून अर्पण करणारा हा बापाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलाला मारणाऱ्यासारखा आहे. या अध्यायानं एका माणसाचं आयुष्य फिरवलं. बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश पाद्री क्यूबात होता. वसाहतकऱ्यांना तिथली मूळ माणसं राबायला वाटून दिली जात, तशी त्यालाही मिळाली होती, आणि मिस्सा अर्पण करत, प्रवचनं देत तो त्यांच्या कष्टावर सुखात होता. 1514 मध्ये पेंटेकॉस्ट या सणाच्या प्रवचनाची तयारी करताना तो याच वचनांशी अडखळला. त्यानं आपल्या वाट्याची माणसं सोडून दिली आणि इतरांनाही तेच करायला सांगू लागला. पुढे चियापासचा बिशप झाल्यावर 1545 च्या उपवासकाळात त्यानं जे लोकांना मोकळं करत नाहीत त्यांना पापक्षमा देऊ नका असा पवित्रा घेतला, आणि गावातले प्रतिष्ठित स्पॅनिश लोक खवळले. 1552 मध्ये सेव्हिलला छापलेल्या त्याच्या नियमावलीत तर असं आहे की मरणाच्या दारातल्या वसाहतकऱ्यानं कन्फेशनआधी नोटरी बोलवावा आणि आपल्या मालमत्तेतून भरपाई करण्याचा अधिकार कन्फेशन ऐकणाऱ्याला कागदावर लिहून द्यावा. सरळ मुखत्यारपत्र! नुसत्या हळहळीवर त्याचा विश्वास नव्हता.

नवसाचं म्हणाल, तर चर्चच्या कायद्यात नवस म्हणजे शक्य आणि अधिक चांगल्या गोष्टीचं देवाला दिलेलं, विचारपूर्वक आणि मोकळेपणानं दिलेलं वचन (कलम 1191). दुसऱ्याच्या पैशाचं वचन तुम्ही देऊ शकत नाही, आणि भेदरलेल्या मनानं आयसीयूच्या बाहेर बोललेलं कितपत मोकळं, हाही प्रश्न आहेच. तरी स्वतःच निकाल लावू नका. योग्य कारण असेल तर तुमच्या पॅरिशचे फादर तुम्हाला नवसातून मोकळं करू शकतात किंवा तो बदलून देऊ शकतात. बिशपांपर्यंत जायला लागत नाही. क्रुसापाशी रोज संध्याकाळी दिवा लावणं, पावसाळ्याआधी जागा साफ करणं, असं काही ते सांगतील. आणि मोत माउलीला किंवा वेलंकणीला जायचं मनात असेल तर खुशाल जा. चार लाख मात्र क्रुसाच्या समितीच्या हातात देऊ नका.

नातवाच्या आजाराचा पापाशी संबंध जोडणं आजच्या आज थांबवा. 'मुलानं बापाचा दोष वाहू नये' हे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी 'पाप कोणाचं, याचं की आईबापांचं?' असं विचारलं तेव्हा येशूनं दोन्ही पर्याय खोडले (योहान 9:3). पोराचं हृदय तुमच्या देण्यापोटी गहाण नव्हतं.

शुक्रवारचा उपासही थांबवा. कॅथलिक नियमानं उपास बंधनकारक असतो तो वयाच्या अठरा वर्षांपासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत, आणि तोही वर्षातून दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशीही एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाता येतं. तुम्ही 61 वर्षांचे, त्यातून मधुमेही, म्हणजे तुम्हाला ते दोन दिवसही लागू नाहीत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना दिवसभर पाव-पाण्यावर राहिलात तर साखर कधी घसरेल कधी चढेल सांगता येत नाही. डॉक्टरांना गेल्या दोन वर्षांचं हे खरं खरं सांगा. त्याग करायचाच असेल तर गाळ्याचं भाडं आहे.

आता पैसे. 4 आणि 7 मिळून 11 लाख तुमच्या हातात आहेत. औषधपाण्याला लागणारं बाजूला ठेवून बाकी पहिल्याच महिन्यात द्या. समजा पूर्ण 11 गेले, तर 14 उरतात. गाळ्याचं 25 हजार भाडं थेट बहिणीच्या खात्यात वळवलंत तर 56 महिने, जवळपास पावणेपाच वर्षं. लांब वाटत असेल तर गाळाच विकण्याचा किंवा तिच्या नावे करण्याचा विचार करा. मुलाला फ्लॅटचं सांगून काही भार उचलायला लावणंही गैर नाही, त्याचा फ्लॅट आत्याच्या पैशातूनही उभा आहे. लेवीयचा पंचमांश तुम्हाला ख्रिस्ती म्हणून बंधनकारक नाही, पण जाणूनबुजून अडकवलेल्या पैशामुळे समोरच्याचं जे नुकसान झालं तेही भरून द्यायचं असतं, हे कॅथलिक नीतिशास्त्र मानतं. इतकी वर्षं ती रक्कम तिच्याकडे असती तर व्याज आलं असतं, भाडं कदाचित भरावं लागलं नसतं. पंचमांश म्हणजे आणखी 5 लाख, हा त्यासाठी वाजवी आकडा वाटतो.

सगळं बँकेतून करा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका वेळी घेणं कायद्यात बसत नाही, आणि भावाकडून बहिणीला मिळालेल्या रकमेवर तिला आयकर लागत नाही. उरलेल्या रकमेचा उल्लेख मृत्युपत्रात करून ठेवा, म्हणजे मध्येच तुमचं काही झालं तर मुलं 'आम्हाला माहीत नाही' म्हणणार नाहीत. मात्र सगळंच मृत्युपत्रावर ढकलू नका. तोवर भाडं ती भरत राहील. वकिलाशी एकदा बोला, विशेषतः कबुली कागदावर उतरवण्याआधी.

तिला सांगायचं की गुपचूप द्यायचं? नीतिशास्त्राचा काटेकोर नियम असा की भरपाई बंधनकारक आहे, स्वतःची नाचक्की करून घेणं नाही. चोरलेलं मध्यस्थाकरवी, नाव न सांगता परत करता येतं. पण तुमच्या बाबतीत ते चालेल असं वाटत नाही. 11 लाख अचानक खात्यावर आले तर ती विचारेलच, आणि तुम्ही नवीन खोटं रचाल. शिवाय तिच्याकडून नुसता पैसा गेलेला नाही. ती आजवर तुमच्या आहेराचे आभार मानत आली असेल.

म्हणून आधी पत्नीला विश्वासात घ्या, मग बहिणीकडे एकटे जा. सणावाराला नको, कोणाच्या लग्नात नको, फादरांना सोबत घेऊन तर मुळीच नको. फादर समोर बसले की तिला 'नाही' म्हणणं जड जातं. गोल गोल बोलू नका, आकडा आधी सांगा: 'जमीन 60 लाखांना गेली. निम्मे तुझे होते. मी तुला खोटं सांगून सही घेतली. हे इतके आज देतोय, उरलेले असे देणार.' एवढं बोला आणि थांबा. 'तेव्हा परिस्थितीच तशी होती', 'तू तरी कुठे विचारलंस' अशी वाक्यं जिभेवर येतील, ती गिळा. 'मदत म्हणून ठेव' असं म्हणालात तर सगळं मुसळ केरात. सही घ्यायला पावती नेऊ नका, तिनं तुमच्यासाठी एकदा सही केली आहे.

आणि क्षमा मागा, पण वसूल करू नका. 'सत्तर वेळा सात' हे वचन (मत्तय 18:22) तिच्यासाठी आहे, तुमच्या तोंडून तिला ऐकवण्यासाठी नाही. ती रडेल, ओरडेल, वर्षभर फोन उचलणार नाही. कदाचित मुलीला सांगेल आणि भाची दारात येऊन चार शब्द ऐकवेल. त्यानं देवाची क्षमा मागे घेतली जात नाही. हप्ते मात्र चालू ठेवायचे, ती बोलत असो वा नसो.

अशीच कोंडी झालेल्या इतर वाचकांसाठी थोडं. ज्याचं देणं आहे तो वारला असेल तर त्याच्या वारसांना द्या. कोणाचं हेच कळत नसेल, म्हणजे वजनात मारलेलं, गिऱ्हाइकांकडून जादा घेतलेलं, तर गरिबांना. ज्यांनी सगळं परत केलं, कन्फेशन केलं, आणि तरीही तेच पाप पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी एकच कन्फेशन ऐकणारा धरावा, तो म्हणेल की हे पुन्हा सांगू नकोस तेव्हा ऐकावं, आणि दिवसचे दिवस तेच डोक्यात फिरत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. प्रोटेस्टंट मंडळीत कन्फेशनचा संस्कार नाही, पण याकोबाच्या पत्रातलं 'एकमेकांजवळ पापं कबूल करा' (5:16) आहेच, आणि बोलायला पाळकसाहेब आहेत. परतफेडीचा नियम दोन्हीकडे एकच. आणि ज्यांनी पैसा नाही, नाव घेतलंय, म्हणजे कोणाच्या सुनेबद्दल किंवा हिशेबाबद्दल काहीबाही पसरवलंय, त्यांना तर जास्तच अवघड आहे. ज्या चार जणांना सांगितलं त्या चारही जणांकडे जाऊन 'मी खोटं बोललो' असं म्हणावं लागतं, आणि पाचव्यानं ते कुठून ऐकलं हेही शोधावं लागतं.